घाम कोणत्या बाजूनं येतो

माझा धंदा सांगितला की माणसं दोनदा विचारतात. "म्हणजे फ्रीज दुरुस्त करता का?" नाही. "मग एसी बसवता?" तेही नाही. फ्रीजवाला आणि एसीवाला थंडी तयार करतात. मी तयार झालेली थंडी बाहेर जाऊ देत नाही. कोल्ड स्टोअरेजच्या भिंतींना आणि छताला आतून थर्मोकोलची गोधडी घालायची, हे माझं काम. गोधडी स्वतः गरम नसते. ती फक्त आतलं आत आणि बाहेरचं बाहेर ठेवते. माणसाऐवजी बर्फाची लादी गुंडाळली तर तीच गोधडी बर्फ राखत बसेल. एवढं कळलं की माझा अर्धा धंदा कळला. उरलेला अर्धा मला स्वतःला कळायला वीसपेक्षा जास्त वर्षं लागली, आणि तो कळला आमगावजवळच्या एका शेतकऱ्याच्या माडीवर.

मी मूळचा तासगावकडचा. तिकडं बेदाण्यासाठी कोल्ड स्टोअरेजं उभी राहत होती तेव्हा सातवीत शाळा सुटली. सुटली म्हणायची पद्धत आहे, सोडली मीच. गणिताच्या तासाला काही विचारायची भीती वाटायची. मिरजेच्या एका टोळीत लागलो. टोळीचे मुकादम आण्णा. त्यांना गोंदियाला काम मिळालं आणि आम्ही मिरजेहून जी गाडी धरली ती थेट गोंदियालाच संपते. शेवटचं स्टेशन, म्हणजे झोप लागली तरी चुकायची भीती नाही, याचंच मला केवढं समाधान. काम संपलं, टोळी परत गेली, आणि मी मलेरियानं खाटेवर पडलो. ज्या घरी खोली घेतली होती तिथल्या मावशी रोज सकाळी तांदळाची पेज आणून उशाशी ठेवायच्या. मी कोण, कुठला, काही विचारलं नाही त्यांनी. उठून बसता यायला लागलं तेव्हा परत जायचं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता इथंच लग्न झालं, इथलंच रेशनकार्ड झालं. इथं मला सगळे 'सांगलीवाले' म्हणतात. तासगाव आणि सांगली वेगळी, हे समजावणं मी केव्हाच सोडलं.

स्वभाव मात्र बरोबर आला तोच राहिला. कुलूप लावलं की दोनदा ओढून बघतो आणि गल्लीच्या टोकावरून परत येऊन तिसऱ्यांदा ओढतो. फोन वाजला की पहिला विचार हाच, की कुठली खोली बिघडली.

गिऱ्हाइकांचे नमुने पुष्कळ पाहिले. गोंदिया बाजारातल्या एका मिठाईवाल्यानं छोटी थंड खोली करायला सांगितली, पण तीनच भिंतींना थर्मोकोल लावायला तयार. चौथी भिंत सामाईक होती, पलीकडं सख्ख्या भावाचं दुकान. दोघांचं बोलणं बंद. "उसकी दीवार पे मैं क्यों लगाऊँ?" मी म्हटलं, "शेठ, नहीं लगाया तो आपकी ठंडक रोज़ उधर जाएगी. भाई मुफ्त में खाएगा." शेठनी त्या भिंतीवर हात ठेवून पाहिला. मग म्हणाले, "उधर डबल लगाओ." अजून त्या भिंतीला सगळ्यांत जाड थर आहे.

पण सांगायचंय ते वेगळंच. सहा-सात वर्षं झाली असतील. पौष महिना, धान निघून गेलेलं. फोन आला. "सांगलीवाले का? मी टेंभरे बोलून राहिलो. आमच्या घरी थंडी खोली हाये. तेचं काम करून द्या."

मला वाटलं, थंड खोली करायची आहे. आमच्या धंद्यात दुसरं काही कानावर येतच नाही. टेप आणि वही घेऊन गेलो. टेंभरे म्हणजे साठीकडं झुकलेले शेतकरी, उंच, आवाज मोठा. घर जुनं, मातीच्या जाड भिंतींचं, वर कौलं. इथं त्यांना कवेलू म्हणतात. अंगणातच मी नेहमीचा पहिला प्रश्न विचारला.

"किती डिग्री ठेवायची?"

"अठ्ठावीस."

मी वहीवरून मान वर केली. "अठ्ठावीसला कोणता माल राहतो?"

"माल नाही जी," टेंभरे म्हणाले. "नात हाये."

त्यांची मुलगी वर्षा बाळंतपणाला आली होती. दिवस पुरे भरायच्या आतच मुलगी झाली. बाळ गोंदियाच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत, आणि वर्षा तिथंच थांबलेली. वजन पुरेसं भरलं की घरी सोडणार होते. डॉक्टरनं तीन गोष्टी बजावल्या होत्या: धूर नको, धूळ नको, गारठा नको. खालच्या एका खोलीत चूल, दुसरीत धानाची पोती, तिसऱ्या खोलीला लागून गोठा. राहिली फक्त माडी. आणि माडीइतकी थंड जागा अख्ख्या गावात नव्हती.

आमच्या भागातल्या लोकांना वाटतं विदर्भ म्हणजे नुसतं ऊन. त्यांनी जानेवारीत गोंदियाला येऊन दाखवावं. सकाळी बोड्यांवर, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्यांवर, धुकं बसतं ते नऊ वाजले तरी उठत नाही, आणि पाण्यात हात घातला की बोटं आपली वाटत नाहीत.

माडीवर चढलो. छप्पर दोन्ही बाजूंनी उतरतं. मधे आढ्याखाली माणूस ताठ उभा राहतो, कडेला आलं की कमरेत वाकावं लागतं. मी पहिल्याच मिनिटाला वाशावर डोकं आपटून घेतलं. कवेलूंच्या फटींतून उजेडाच्या रेघा आत येत होत्या. उजेड येतो तिथून वाराही येतो. जावयानं नागपूरहून विजेचा हीटर पाठवला होता. तो दोन तास चालवून पाहिला तर माझ्या तापमापकाचा काटा एकोणीसवर गेला. बंद केला आणि खाली चहा पिऊन वर आलो, तर तेरा. आणि गावात लाइटचा भरवसा नाही. म्हणजे हीटर घेऊन भागणार नव्हतं. ऊब धरून ठेवायला हवी होती.

"जमंल का?" टेंभऱ्यांनी विचारलं. त्यांच्या पत्नी सगुणाबाई जिन्याच्या तोंडाशी पदर खोचून उभ्या होत्या. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"जमेल," मी म्हणालो. माझ्या धंद्यात मी एवढ्या पटकन कधी 'जमेल' म्हणत नाही.

हाताशी दहा-बारा दिवस होते. जोडीला झनकलाल मेस्त्री आले. त्याच गावचे, वयानं माझ्याहून मोठे, लाकडाचंही काम करणार आणि कवेलूही फेरणार. आधी त्यांनी सगळं छप्पर फेरलं. फुटके कवेलू काढले, सरकलेले बसवले. मग आम्ही आतून लागलो.

कोल्ड स्टोअरेज म्हणजे फूटपट्टीनं आखलेलं काम. भिंत सरळ, कोपरा काटकोनात. जुनं घर म्हणजे हातानं मारलेली रेघ. त्या माडीचा एक वासा दुसऱ्यासारखा नव्हता. एक जाड, एक बारीक, एकाला मधेच बाक. थर्मोकोलचा तक्ता एकीकडं बसवावा तर दुसरीकडं तीन बोटं फट. उताराचं छत गळ्याजवळ, मान मागं, हात वर, आणि कापलेल्या थर्मोकोलचे पांढरे दाणे डोळ्यांत, नाकात, चहात.

"सांगलीवाले," झनकलाल वाकून स्क्रू मारता मारता म्हणायचे, "तुमी लोकं थंडीले कोंडता. आता गरमीले कोंडून राहिले. एक दिवस दोघी मिळून तुमालेच कोंडतील."

सगुणाबाईंशी मात्र भांडण झालं. बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, हा त्यांचा रिवाज. मी म्हणालो, शेगडी वर आणायची नाही.

"बाळंतिणीले शेक नाही द्यायचा? माया पाची बाळंतपनात शेगडी होती."

"तुमच्या वेळी कवेलूतून वारा खेळत होता, बाई. आता मी सगळ्या फटी बुजवतोय. कोंडलेल्या खोलीत निखारे ठेवले तर माणूस झोपेतच जातो."

"मंग शेक कायचा देऊ? तुमच्या थर्माकोलचा?"

शेवटी वीट निघाली. खाली चुलीत वीट तापवायची, जुन्या लुगड्यात गुंडाळायची आणि वर न्यायची. पलीकडच्या भिंतीत वर हातभर झरोका ठेवला, तो काही झालं तरी पूर्ण बंद करायचा नाही, असंही कबूल करून घेतलं. त्या पुटपुटत गेल्या, पण वीट मात्र त्याच दिवशी तापवून बघितली.

आता ज्या गोष्टीपाशी हे सगळं अडलं ती नीट सांगतो. हवेत पाण्याची वाफ असते. डोळ्याला दिसत नाही, पण असते. उन्हाळ्यात गार पाण्यानं भरलेला तांब्या बाहेर ठेवला की त्याला बाहेरून पाणी सुटतं. तांब्या गळत नसतो. हवेतली वाफ गार तांब्याला भेटली की तिचं पाणी होतं. त्याला आम्ही घाम म्हणतो. आमच्या धंद्याचा खरा वैरी गरमी नव्हे, हा घाम. थर्मोकोलच्या सांध्यात घाम शिरला की ऊब-थंडी अडवायचं काम संपलं. मग ओली गोधडी पांघरल्यासारखं. तो शिरू नये म्हणून प्लास्टिकचा जाड कागद लावतात. टोळीत पहिल्याच आठवड्यात आण्णांनी सांगितलं होतं, "प्लास्टिक भाईरनं, थर्मोकोल आतनं. उलटं केलंस तर घरी जायचं." तो नियम मी पाठ केला. का, ते विचारलं नाही. शाळेत जे विचारायची भीती वाटली तेच इथंही. आणि गरजही पडली नाही, कारण त्यानंतर जेवढ्या खोल्या केल्या त्या सगळ्या आतून थंड होत्या, आणि प्रत्येक खोलीत तो नियम बरोबरच ठरला.

टेंभऱ्यांच्या माडीतही मी तेच केलं. वाशांच्या खालून आधी प्लास्टिक ताणून मारलं. त्याच्या खाली थर्मोकोलचे दोन थर, सांध्यावर सांधा येऊ न देता. त्याखाली सिमेंटचे पातळ तक्ते, म्हणजे उंदीर कुरतडणार नाहीत. वरून कवेलू चुकून ठिबकला तरी प्लास्टिक अडवेल, असा आणखी एक फायदाही मनाशी मोजला. काम पाच-सहा दिवस आधी संपलं. हीटर लावला. दोन तासांत काटा अठ्ठावीसवर. लाइट गेली, तासाभरानं पाहिलं, सव्वीस. टेंभरे काटा बघायला दिवसातून आठदा जिना चढायचे. पाहुण्यांनाही वर नेऊन दाखवायचे. "आमच्या घरी अठ्ठावीस हाये," असं गावभर सांगितलं.

तीन दिवस सगुणाबाई स्वतः त्या खोलीत झोपल्या. बाळ येण्याआधी खोली कशी वागते ते त्यांना बघायचं होतं. बाहेर धुक्यात कपडे वाळेनात म्हणून बाळासाठी शिवलेली सगळी दुपटी, झबली, लंगोट त्यांनी गरम पाण्यात धुऊन त्याच खोलीत दोरीवर वाळत घातले. ते छान वाळले. त्यातलं पाणी कुठं गेलं, हा विचार कोणाच्या डोक्यात आला नाही. माझ्याही.

चौथ्या दिवशी सकाळी फोन. "सांगलीवाले, माडी गळून राहिली."

"पाऊस कुठं आहे?"

"पाऊस नाही. पानी हाये."

मोटारसायकलवर हात गारठून गेले. पोचलो. उतारावरची कडा जिथं भिंतीला मिळते तिथं तक्त्यांवर ओलीची लांब पट्टी, आणि तिच्या खालच्या टोकाला थेंब धरत होता. एक पडला की दुसरा. बरोबर खाटेच्या उशाशी. सगुणाबाईंनी तिथं पितळी गंज ठेवला होता, इथं पातेल्याला गंज म्हणतात. दवाखान्यातून सांगणं आलं होतं की परवा सकाळी बाळाला सोडणार.

झनकलाल अंगणात उभे होते आणि टेंभरे त्यांच्यावर बरसत होते. "कवेलू फेरला का खेळ केला? आं? परवा पोरगी येऊन राहिली!"

"कवेलू माया हातचा हाये. गळनार नाही."

"मंग पानी काय आभाळातून सरळ येऊन राहिलं?" टेंभरे माझ्याकडं वळले. "दवाचं असंल नं जी? कवेलूतून दव उतरत असंल?"

त्या क्षणी मला अजून काही कळलं नव्हतं, हे खरं. पण माझ्या कामात चूक असू शकते, एवढं मात्र आत कुठंतरी जाणवलं होतं. आणि समोर टेंभऱ्यांनी मला सुटायला दार उघडून धरलं होतं.

"असेल," मी म्हणालो.

एक शब्द. झनकलालनी माझ्याकडं पाहिलं आणि शिडी लावली. त्या गारठ्यात, साठी ओलांडलेला माणूस, ओल्या कवेलूंवर.

मी खाली खाटेवर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं वरून हाक आली. "सांगलीवाले, वर येऊन पाहा."

चढलो. थेंब पडत होता त्याच्या वरचे कवेलू त्यांनी उचलून ठेवले होते. खाली माझं प्लास्टिक दिसत होतं. त्यावर फेरलेल्या कवेलूंची बारीक लाल धूळ बसली होती. त्यांनी त्यावर बोटानं रेघ ओढली. बोट कोरडं. मग चाकूनं एक चीर दिली, बोट आत घातलं आणि उलटं करून मला दाखवलं. बोटावरून पाणी निथळत होतं.

"वरून धूळ, खालून पानी," ते म्हणाले. "हे कवेलूचं काम नाही. मंग कायचं, ते तुमी सांगा."

त्या ओल्या बोटाकडं बघताना मला तांब्या आठवला. घाम ऊन, म्हणजे गरम बाजूनं येतो. थंड खोलीला ऊन बाजू बाहेर असते, म्हणून प्लास्टिक बाहेर. या खोलीला ऊन बाजू आत होती. दुपट्यांतलं पाणी, श्वास, हीटरनं उठवलेली वाफ, सगळं थर्मोकोलच्या सांध्यांतून वर गेलं, गार प्लास्टिकला खालून भेटलं आणि उतारावरून ओघळत कडेला आलं. आण्णांनी 'भाईरनं' सांगितलं होतं, कारण तिथं बाहेर ऊन होतं. मी शब्द पाठ केला आणि कारण तिथंच सोडून आलो. खोली उलटी झाली, माझा नियम मात्र सुलटाच राहिला.

हे मला कळलं तेव्हाच खाली उतरून सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "बघतो जरा." झनकलाल कवेलू परत बसवायला लागले. टेंभरे अंगणातून ओरडत होते की सगळं छप्परच पुन्हा फेरून टाक. झनकलालनी ऐकलं आणि खरोखर एका टोकापासून सुरुवात केली. मी उगाच टेप घेऊन माडीत मापं घेत बसलो. जी आधीच वहीत होती तीच. मनात हिशेब चालला होता: परवा सकाळ, आज दुपार, सगळं उतरवायला किती, परत चढवायला किती. आणि त्याच्या शेजारी दुसरा विचार: गप्प बसलो तर झनकलाल छप्पर फेरतील, थेंब परवा पुन्हा पडेल, आणि तेव्हा खाली गंज नसेल.

जेवायला बोलावलं. सगुणाबाईंनी भात वाढला, वर लाखोरीच्या डाळीचं वरण. मी घास उचलला तो तसाच खाली ठेवला. छपरावर कवेलू एकमेकांवर बसल्याचे आवाज येत होते.

"जेवन आवडलं नाही का जी?"

"बाई," मी म्हणालो, "झनकलाल मेस्त्रींना खाली बोलवा. कवेलू बरोबर आहे. चूक माझी आहे."

टेंभरे जेवता जेवता थांबले. मी सगळं सांगितलं, तांब्यापासून. प्लास्टिक चुकीच्या बाजूला आहे, सगळं उतरवून पुन्हा करावं लागेल. सांगताना माझा आवाज शाळेतल्यासारखा झाला होता.

टेंभऱ्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "म्हणजे शिकलेले नाही तुमी?"

"सातवी."

"मी चौथी," ते म्हणाले. "त्याचं नाही विचारत. हेच काम शिकले नाही का, ते विचारून राहिलो."

मी नाही अशी मान हलवली. ते हात धुवायला उठले. खरं सांगायचं तर ते शिव्या देते तर मला सोपं गेलं असतं.

झनकलाल उतरून हातावर फुंकर मारत आत आले. बोटं निळसर झाली होती. सगुणाबाईंनी त्यांना सांगितलं. ते भिंतीला टेकून खाली बसले.

"सकाळीच काऊन नाही सांगतलं?"

"भ्यालो."

"मी वर चढून राहिलो तवा?"

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी ताट पुढं ओढलं. चार घास खाल्ले. मग म्हणाले, "भिऊनही माणूस शिडी धरते. तुमी तेवढी तरी धराची." आणि जेवून हात धुतल्यावर स्क्रू काढायचं सामान घेऊन माझ्याआधी माडीवर गेले.

संध्याकाळपर्यंत तक्ते उतरवले. दुसऱ्या दिवशी थर्मोकोल काढला, प्रत्येक तुकड्यावर खडूनं आकडा टाकून, कारण त्या वाकड्या वाशांमधे एका जागचा तुकडा दुसरीकडं बसत नव्हता. अंगणात ऊन पडलं तसे सगळे पांढरे तक्ते तिथं पसरले. कोंबड्या येऊन टोचायला लागल्या आणि टेंभरे, ज्यांनी मला एक शिवी दिली नव्हती, त्यांनी सगळ्या शिव्या कोंबड्यांना दिल्या. रस्त्यानं जाणारे विचारायचे, "काय वाळवून राहिले, पाटील?" ते म्हणायचे, "घाम."

जुनं प्लास्टिक फाडून काढलं. थर्मोकोल पुन्हा चढवला, आणि त्याच्या खालून, खोलीच्या बाजूनं, नवं प्लास्टिक. प्रत्येक जोडावर पट्टी. झनकलाल एका टोकाला, मी एका. टेंभरे स्वतः तक्ते खांद्यावर घेऊन जिना चढत होते. कडेचा, भिंतीला मिळणारा भाग मी एकट्यानं केला, पोटावर झोपून, कारण मला तो दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचा नव्हता. काम संपलं तेव्हा दिवस मावळत होता. लंगोट वाळवायचे ते खाली चुलीपासून लांब, गोठ्याच्या बाजूच्या पडवीत, असं सगुणाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता तुमचं सगळं आयकून राहिली मी. आनखी काय?"

"झरोका."

"तो नाही बंद करत. जा."

सकाळी जीप आली. मी फाटकाबाहेर उभा होतो. वर्षा उतरली, अंगावर दोन शाली, छातीशी एक गाठोडं. त्यात बाळ आहे हे सांगितल्याशिवाय कळलं नसतं. सगुणाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि सगळे आत गेले.

त्यानंतर मी रोज फोन करायचो. टेंभरे फोन उचलायचे, "सुकं हाये," म्हणायचे आणि ठेवायचे. पाचव्या दिवशी राहवलं नाही, गेलोच. बाहेरच्या माणसाला सव्वा महिना वर जायची बंदी, हे ठाऊक होतं. जिन्याच्या खालूनच हाक मारली. सगुणाबाई वरच्या पायरीवर आल्या.

"बाई, उशाकडची कड एकदा हातानं चाचपून बघता का? नुसतं डोळ्यानं नाही कळत."

त्या आत गेल्या. मला त्यांच्या पावलांचा आवाज ऐकू येत होता, खाटेपर्यंत, मग कडेपर्यंत. मग काहीच नाही. मी मनात आकडे मोजायला लागलो. त्या परत आल्या आणि जिन्यातून खाली वाकून त्यांनी तळहात माझ्यापुढं धरला. कष्टाचा हात, बोटांना चुलीची राख. मी चार पायऱ्या चढलो आणि बोट लावून पाहिलं.

"कोरडा," मी म्हणालो.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "झोपली हाये."

त्यांच्या जिन्याची एक पायरी करकरते. ती ओलांडून मी उतरलो.